स्वमग्न मुलाची सवय : मोडावी की तिला जागा द्यावी?



या सदरात एरवी आपण आपल्याच वयाच्या दुखण्यांविषयी बोलतो. रक्तदाब, साखर, गुडघे, मोतीबिंदू हे आपले नेहमीचे पाहुणे. या वेळी मात्र नातवंडांविषयी लिहिणार आहे. गेले सहा महिने मी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील एडिसन येथे मुलीकडे होते. माझा नातू सहा वर्षांचा आहे. त्याचे खरे नाव इथे लिहीत नाही, घरी आम्ही त्याला राजा म्हणतो. तो तीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचे सांगितले.

मी परिचारिका म्हणून ३४ वर्षे नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे मुलांच्या वॉर्डात. तरीही सख्ख्या नातवाच्या बाबतीत मी चुकले. हे लिहायला संकोच वाटतो. पण आपल्यापैकी पुष्कळांची नातवंडे अमेरिकेत, इस्राएलमध्ये किंवा इथेच मुंबई-ठाण्यात आहेत. त्यांतले एखादे राजासारखे असेल, तर माझ्या चुकीचा तुम्हाला उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

मलिद्याच्या दिवशी काय झाले

राजाला डुलण्याची सवय आहे. सोफ्यावर बसला की कमरेपासून पुढे-मागे डुलतो आणि तोंडाने एकच बारीक सूर लावतो, ‘ऊंऽऽ ऊंऽऽ’. कधी पाच मिनिटे, कधी अर्धा तास. पहिल्या आठवड्यातच मी ठरवले की ही सवय मोडायची. तो डुलायला लागला की मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, “राजा, नीट बस.” तो थांबायचा, आणि मला वाटायचे, जमले.

दुसऱ्या आठवड्यात मुलीने नव्या घराबद्दल एलियाहू हन्नाबीचा मलिदा केला. आपल्या ओळखीची पंधरा-वीस मंडळी आली. स्वयंपाकघरात मिक्सर चालू, वर चिमणीची घरघर, बाहेर पोरांचा दंगा आणि मग सगळ्यांचे एकत्र गाणे. राजा कोपऱ्यात बसून जोरजोरात डुलायला लागला. सूरही चढला. दोन-तीन जणी वळून पाहू लागल्या. मला लाज वाटली, हे कबूल करते. मी त्याला मांडीवर ओढला आणि त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

त्याने एक हात सोडवून घेतला आणि स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्त आले.

मुलगी धावत आली. मला एक शब्दही न बोलता तिने त्याला आतल्या खोलीत नेले, दिवा मालवला, जखम साबण-पाण्याने धुतली. रात्री सगळे गेल्यावर ती म्हणाली, “आई, तो डुलत होता तोवर ठीक होता गं. गोंगाट त्याला सहन होत नव्हता, म्हणून डुलत होता. तू धरलंस, मग त्याला दुसरं काही उरलंच नाही.”

मी उत्तर दिले नाही. मला आमच्या वॉर्डातला एक मुलगा आठवला. १९८० च्या आसपासची गोष्ट. तोही असाच डुलायचा. सलाईनची सुई निघू नये म्हणून त्याचे हात आम्ही बँडेजने खाटेला बांधले होते. दोन दिवस तो डोके आपटत राहिला. तेव्हा आम्हाला वाटले, मुलगा फार हट्टी आहे.

ही सवय म्हणजे नेमके काय?

एकच हालचाल किंवा एकच आवाज पुन्हा पुन्हा करणे, याला अमेरिकेत ‘स्टिमिंग’ म्हणतात. कोणी हात फडफडवते, कोणी डुलते, कोणी झाकण गरगर फिरवत बसते, कोणी सदऱ्याची कॉलर चघळते, कोणी एकच वाक्य घोळवते. स्वमग्नतेचे निदान करताना डॉक्टर ज्या खुणा पाहतात, त्यांत ही एक महत्त्वाची खूण आहे. २०१३ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी निदानाचे नियम नव्याने लिहिले, तेव्हा आवाज, उजेड, स्पर्श यांची संवेदना फार जास्त किंवा फार कमी असणे हेही त्या खुणांत घातले.

या दोन गोष्टींचा संबंध समजला की निम्मे काम होते. आपल्याला मिक्सरचा आवाज नकोसा वाटतो, पण आपण तो बाजूला सारू शकतो. राजासारख्या मुलाला तो बाजूला सारता येत नाही. मिक्सर, चिमणी, नळ, बोलणे, गाणे सारे एकाच मापाने त्याच्यावर येऊन आदळते. अशा वेळी डुलण्याची ठरावीक लय ही त्याच्या हातातली एकच भरवशाची गोष्ट असते. काही मुले आनंद झाला तरी हात फडफडवतात, काही कंटाळा आला की. कारण दर वेळी भीतीच असते असे नाही.

आणि आपण तरी काय करतो? काळजी लागली की मी बांगड्या फिरवते. आमचे शेजारी पेपर वाचताना पाय हलवत बसतात. सिनेगॉगमध्ये तेफिल्ला म्हणताना कितीतरी लोक डुलतात. फरक एवढाच की आपण हवे तेव्हा थांबू शकतो आणि त्यावाचून आपले अडत नाही.

अशी मुले विरळा आहेत असेही समजू नका. अमेरिकेतील सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२५ साली दिलेल्या आकड्यांनुसार, त्यांनी पाहणी केलेल्या भागांत आठ वर्षांच्या दर ३१ मुलांमागे एकाला स्वमग्नता आढळली. पूर्वी अशी मुले नव्हती असे नाही. आता ती ओळखू येतात, हे आकडा वाढण्याचे एक मोठे कारण आहे.

मिसिसिपीचा डोनाल्ड

मुलीच्या घराजवळच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांत मला एका मुलाची हकिकत सापडली. ती वाचून मला धीर आला, म्हणून थोडी सविस्तर सांगते.

डोनाल्ड ट्रिप्लेट याचा जन्म १९३३ साली मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावी झाला. वडील वकील, आईच्या माहेरचा बँकेत हिस्सा. मूल हुशार, पण कोणाकडे पाहायचे नाही, हाक मारली तरी यायचे नाही. ठोकळे, पातेली, जे गोल असेल ते जमिनीवर गरगर फिरवत बसायचे. कोणी थांबवले तर आकांत. डोके या बाजूला त्या बाजूला हलवत तो तीनच सुरांची एक चाल गुणगुणत असे. हे वाचले तेव्हा मला राजाचा ‘ऊंऽऽ’ ऐकू आला.

त्या काळच्या रीतीप्रमाणे डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला तिसऱ्या वर्षीच घरापासून दूर एका संस्थेत ठेवले. साधारण वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणले. वडिलांनी ३३ पानांचे पत्र टाइप करून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. लिओ कॅनर यांना पाठवले आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये मुलाला त्यांच्याकडे नेले. डॉ. कॅनर हे आपल्याच धर्माचे, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेले. हिटलरच्या काळात अनेक यहुदी डॉक्टरांना अमेरिकेत आणण्यासाठी त्यांनी खटपट केली होती. १९४३ साली त्यांनी अशा ११ मुलांवर एक निबंध लिहिला. आठ मुलगे आणि तीन मुली. त्यात पहिला रुग्ण डोनाल्ड. स्वमग्नता हा वेगळा प्रकार म्हणून वैद्यकशास्त्राला ओळखू आला तो त्या निबंधापासून.

पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. डोनाल्ड नऊ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवले. त्यांना मूलबाळ नव्हते. १९४५ साली डॉ. कॅनर त्याला भेटायला शेतावर गेले आणि चकित झाले. मुलाला मोजमापाचे वेड होते, म्हणून त्या जोडप्याने त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल झाली ते मोजून सांगायला लावले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, म्हणून नांगर धरून मोज म्हणाले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, म्हणून त्याला जमिनीचा एक तुकडा देऊन तिथे त्यांचे दफन करायला सांगितले. त्यांनी त्याचे एकही वेड मोडले नाही. प्रत्येकाला जागा दिली, वेळ दिला आणि जमेल तिथे काम दिले.

हाच डोनाल्ड पुढे कॉलेजात गेला, १९५८ साली पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला. जून २०२३ मध्ये तो ८९ व्या वर्षी वारला. प्रत्येक मुलाचे असेच होईल असे मी म्हणत नाही. काही मुलांना जन्मभर आधार लागतो. पण कुठलेही औषधशास्त्र न शिकलेल्या त्या शेतकरी नवरा-बायकोला जे उमगले, ते मला ३४ वर्षांच्या नोकरीत उमगले नव्हते.

आईचा दोष नाही, मुलाचाही नाही

आणखी एक कबुली. पहिल्या आठवड्यात मी मुलीला म्हणाले होते, “तू नोकरी करतेस, त्याच्याशी बोलायला घरात कोणी नाही, म्हणून झालं असेल.” ती गप्प बसली. नंतर मला कळले की हा आरोप फार जुना आहे आणि खोटा ठरलेला आहे. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेतील मोठमोठे तज्ज्ञ म्हणत की आई मायाळू नसली की मूल असे होते. डॉ. कॅनर यांच्या लिखाणातही तसा सूर होता. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून हे मत खोडून काढले. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. पुढे १९६९ साली पालकांच्या सभेत डॉ. कॅनर यांनी आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केले. एवढ्या वर्षांनंतर मी ठाण्याहून विमानात बसून तोच आरोप मुलीच्या दारात घेऊन गेले होते. मी तिची माफी मागितली.

मुलाला शिक्षा करून सवय मोडण्याचेही प्रयोग झाले. १९६५ साली अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाच्या दवाखान्याची छायाचित्रे आली होती. तिथे या मुलांवर ओरडत, थोबाडीत मारत, विजेचे झटकेही देत. आज चांगला थेरपिस्ट असे करत नाही. अलीकडे ज्यांचे लहानपण स्वमग्नतेत गेले अशी मोठी माणसे स्वतः बोलू लागली आहेत. २०१९ साली ब्रिटनमधील संशोधकांनी अशा तीसेक लोकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांचे सांगणे साधारण असे की ही हालचाल आम्हाला सावरून धरते, ती बळाने थांबवली तर त्रास वाढतो, आणि जिच्याने इजा होते तेवढीच बदलायला मदत करा.

आम्ही काय केले

मलिद्यानंतरच्या आठवड्यात मी मुलीबरोबर राजाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे गेले. रोजच्या हालचाली आणि संवेदना यांवर काम करणारी ही बाई. मी नर्स होते असे कळल्यावर ती म्हणाली, “तापाच्या रुग्णाचा तक्ता ठेवत होता ना? तसाच याचा ठेवा.”

मी दोन आठवडे वही ठेवली. चार रकाने : वेळ, आधी काय झाले, त्याने काय केले, नंतर काय झाले. चौदा दिवसांत मनगट चावल्याच्या ११ नोंदी झाल्या. त्यांतल्या सात संध्याकाळी पाच ते साडेसहाच्या दरम्यानच्या. तो शाळेतून थकून, भुकेला येई. त्याच वेळी मुलगी स्वयंपाकाला लागे आणि चिमणी चालू करी. आणि त्याच वेळी मी मोबाइलवर मराठी मालिका मोठ्या आवाजात लावत असे, कारण मला कमी ऐकू येते. वही मीच लिहीत होते, त्यामुळे ही नोंद मला टाळता आली नाही.

त्यानंतर जे केले आणि जे उपयोगी पडले, ते क्रमाने सांगते.

१. आधी इजा होते की नाही ते पाहा. डुलणे, गुणगुणणे, हात फडफडवणे याने कोणाला इजा होत नसेल तर ते सोडून द्या. लोक पाहतात हे थांबवायचे कारण नव्हे. चावणे, डोके आपटणे, डोळ्यांत बोटे घालणे, केस उपटणे, नखाने कातडी काढणे हे मात्र बदलायला हवे.

२. दुखणे शोधा. ज्याला सांगता येत नाही, तो शरीराने सांगतो. सवय अचानक वाढली तर दात, कान, घसा, पोट, झोप तपासून घ्या. या मुलांत बद्धकोष्ठ पुष्कळदा आढळते. राजालाही होते. डॉक्टरांनी त्यावर इलाज केल्यावर आठवडाभरात फरक दिसला.

३. कारण कमी करा. आम्ही चिमणी आणि मिक्सर तो यायच्या आत आटोपायला लागलो. बसमधून उतरल्यावर लगेच खाणे. मी कानात इअरफोन घातले. गर्दीत जायचे असेल तर त्याला आवाज अडवणारे मोठे हेडफोन देतो.

४. शरीराला जड काम द्या. ढकलणे, ओढणे, उचलणे, मळणे याने यांतल्या पुष्कळ मुलांना शांत वाटते. राजा माझ्याबरोबर रोज चपातीची कणीक मळतो. दुकानात ट्रॉली तोच ढकलतो. धुतलेल्या कपड्यांची टोपली तोच नेतो. घट्ट दाबाचा उपयोगही काहींना होतो. टेंपल ग्रँडिन या अमेरिकेतील पशुविज्ञानाच्या नामवंत प्राध्यापक स्वतः स्वमग्न आहेत. गुरांना आवळून धरणारा पिंजरा पाहून त्यांनी तरुणपणी स्वतःसाठी तसेच यंत्र बनवले होते. राजाला यंत्र लागत नाही. आपली गोधडी गुंडाळून घट्ट बसवले की पुरते, पण त्याने मागितली तरच. डोके नेहमी मोकळे ठेवावे. वजनदार पांघरुणे बाजारात मिळतात, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय लहान मुलाला घालू नयेत.

५. सवयीला जागा द्या. खिडकीजवळ एक जुनी रॉकिंग चेअर आणून ठेवली. ती राजाची. तिथे डुलायला कोणी मनाई करायची नाही आणि तिथे बसला असताना त्याला कोणी काही विचारायचे नाही. तिचे एक चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून त्याच्याकडे दिले. त्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा तो ते चित्र आणून हातात देतो. पहिल्यांदा त्याने ते मला आणून दिले, तेव्हा मला माझ्या डोळ्यांतले पाणी आवरेना.

६. चावण्याला बदली द्या. बदली साधारण तशाच संवेदनेची हवी. चावणाऱ्या मुलाच्या हातात नुसता चेंडू देऊन भागत नाही. राजाच्या गळ्यात सिलिकॉनची चावण्याची नळी असते. मूल तिचे तुकडे तोडत असेल तर ती देऊ नये, आणि रोज तपासावी. शिवाय गाजर, काकडी, कडक टोस्ट असे चावायला लावणारे खाणे संध्याकाळी देतो, आपण समोर बसून.

७. चावत असताना ओरडू नका, मनगट ओढू नका. ओढल्याने कातडी फाटते आणि भीती वाढते. मी आवाज खाली ठेवून दोनच शब्द बोलते, “राजा, नळी,” आणि नळी पुढे करते. तो शांत झाल्यावर जवळ घेते, तेही त्याला हवे असेल तर. “हात खाली”, “शहाणा मुलगा ना तू?” ही वाक्ये मी सोडली. कातडी फाटली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. खोल जखम, सूज, लाली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. माणसाच्या चाव्यात जंतू फार असतात.

८. डॉक्टरांना लगेच कधी सांगावे? मूल एकटक पाहत राहते, हाक मारून किंवा हात लावूनही भानावर येत नाही, हातपाय झटकते, तर ती सवय नसून फिट असू शकते. स्वमग्न मुलांत अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. जमल्यास मोबाइलवर चित्रण करून दाखवा. येणारे शब्द अचानक बंद झाले किंवा डोके आपटणे वाढले तरी थांबू नका.

जुलैमध्ये मी निघाले, त्याआधीच्या दोन आठवड्यांत वहीत चावल्याच्या दोनच नोंदी होत्या. डुलणे तेवढेच होते. पूर्वीची मी असते तर म्हटले असते, काही सुधारणा नाही.

मदत कुठे मिळते

अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ मूल १८ आणि २४ महिन्यांचे असताना स्वमग्नतेसाठी ठरावीक प्रश्नावली भरून घेतात. १९७५ साली तिथे कायदा झाला की अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत विनामूल्य आणि त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण मिळालेच पाहिजे. १९९० साली त्यात स्वमग्नतेचे नाव स्वतंत्रपणे घातले गेले. त्या कायद्याने शाळा प्रत्येक अशा मुलाची लेखी योजना करते आणि ती दर वर्षी पालकांसोबत बसून तपासते. राजाच्या योजनेत लिहून घेतले आहे की त्याला वर्गात मागे उभे राहून डुलता येईल आणि दर तासाला थोडे चालून येता येईल. तुमची मुले तिथे असतील तर त्यांना विचारा, ही सवय योजनेत कशी लिहिली आहे? ‘बंद करणे’ असे लिहिले असेल तर त्यांनी बैठकीत जरूर बोलावे.

आपल्या देशात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना अशा मुलांसाठी आहे. मुंबईत ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र २००१ पासून काम करते. इस्राएलमध्ये पालकांनी १९७४ साली स्थापन केलेली ‘अलूत’ ही संस्था आहे.

आजी-आजोबांचे काम

थेरपी, शाळा, डॉक्टर हे आईवडील पाहतात. आपल्याकडे जे आहे ते म्हणजे वेळ आणि शांत आवाज. दुसरे म्हणजे समाजात आपला शब्द चालतो. सिनेगॉगमध्ये किंवा मलिद्याला असे मूल आले आणि लोक वळून पाहू लागले, तर आपणच म्हणावे, “त्याला बरं वाटतंय त्यानं, डुलू दे.” मुलाच्या आईला ते तोंडाने मागावे लागू नये. माझी मुलगी दोन वर्षे कोणाच्या मलिद्याला गेली नव्हती, हे मला तिथे राहिल्यावर कळले. कोणी तिला येऊ नको म्हटले नव्हते. नुसते वळून पाहिले होते.

जूनमध्ये एका शब्बाथला जावई राजाला सिनेगॉगमध्ये घेऊन गेले. मागच्या बाकाच्या टोकाला, दाराजवळ बसवले, म्हणजे हवे तेव्हा बाहेर जाता येईल. वरून मला दिसत होते. पुढे तल्लीथ पांघरलेले आठ-दहा पुरुष तेफिल्लेत डुलत होते, मागे राजा डुलत होता. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याच्याकडे पाहिले, आपल्या तल्लीथाची एक झालर त्याच्या हातात दिली आणि पुन्हा सिद्दूरात डोके घातले. राजा ती झालर बोटांत फिरवत वीस मिनिटे बसला. मग त्याने चित्राचा पुठ्ठा काढून वडिलांना दिला आणि दोघे बाहेर गेले.

मी निघायच्या आधी मुलीने पुन्हा मलिदा केला. या वेळी सहाच माणसे बोलावली आणि मिक्सर सकाळीच आटोपला. गाणे सुरू झाले तेव्हा राजा त्याच्या खुर्चीवर डुलत होता, दार उघडे होते. आशीर्वाद झाल्यावर तो स्वतःहून आला, ताटातला एक खजूर उचलला आणि परत जाऊन बसला.

तुमच्या घरी असे नातवंड असेल तर वही ठेवून पाहा, आणि अनुभव मला कळवा. नावे छापली जाणार नाहीत. पुढच्या अंकात नेहमीप्रमाणे आपल्या गुडघ्यांकडे वळू.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. शालोम.